डिजिटल एसएलआर : प्रकाशाचा जमाखर्च

कॅमेऱ्याच्या खोक्यावर छापलेले आकडे तुम्ही कधी नीट वाचले आहेत का? '२४.२ मेगापिक्सेल', 'एफ/३.५–५.६', 'आयएसओ १०० ते २५६००', '१/४००० सेकंद', '११ फोकस बिंदू'. दुकानदार हे आकडे मंत्रासारखे म्हणून दाखवतो आणि आपण मान डोलावतो. पण यातला कोणता आकडा कामाचा आणि कोणता नुसता मिरवण्याचा? हे आकडे समजण्यासाठी जे भौतिकशास्त्र लागते, ते बहुतेक सगळे नववी-दहावीच्या पुस्तकात असते. आरसा, भिंग, परावर्तन, वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि थोडे वर्गमूळ, एवढ्या भांडवलावर आपण आज एका कॅमेऱ्याचे अंतरंग उलगडणार आहोत.

उदाहरणासाठी आपण निकॉन कंपनीचा डी३५०० हा कॅमेरा घेऊ. ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर झालेला हा कॅमेरा खास नवशिक्यांसाठी बनवला होता. त्याचे उत्पादन आता थांबले आहे. पण अनेक घरांत, शाळांत आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात तो आढळतो. त्याच वर्षी आलेल्या कॅननच्या ईओएस १५००डी या कॅमेऱ्याची रचनाही पुष्कळशी अशीच आहे. आजकालच्या नव्या कॅमेऱ्यांतून आरसा बहुधा नाहीसा झालेला दिसतो. तरीही आरशाचा भाग सोडला, तर या लेखातले बाकी सारे त्यांनाही लागू पडते.

नावातील तीन अक्षरे

एसएलआर म्हणजे 'सिंगल लेन्स रिफ्लेक्स'. एकच भिंग, आणि त्यातून येणारा प्रकाश आरशाने परावर्तित करून डोळ्यापर्यंत पोचवणारा कॅमेरा. 'एकच भिंग' यात विशेष ते काय, असे तुम्ही विचाराल. पूर्वीच्या अनेक कॅमेऱ्यांत पाहण्याची खिडकी वेगळी आणि चित्र घेणारे भिंग वेगळे असे. याचा तोटा पाहायचा असेल, तर आपले बोट नाकासमोर वीतभर अंतरावर धरा आणि आधी डावा, मग उजवा डोळा मिटा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे वाटते ना? यालाच पराशय म्हणतात. फूल किंवा कीटक जवळून टिपताना हा घोटाळा होई. डोळ्याला दिसे एक आणि चित्रात येई दुसरेच.

एसएलआरमध्ये भिंगामागे ४५ अंशांत तिरपा आरसा असतो. तो प्रकाश वरच्या दिशेने वळवतो आणि एका खरबरीत पारभासक पटलावर प्रतिमा उमटते. भिंगाने पडणारी प्रतिमा उलटी असते हे तुम्हांला ठाऊक आहेच. आरशामुळे तिचे खाली-वर सरळ होते. पण डावे-उजवे उलटेच राहते. ते सुधारण्यासाठी पटलावर एक पंचकोनी लोलक बसवतात. १९४९ साली जर्मनीत निघालेला कॉन्टॅक्स एस हा असा लोलक असलेल्या अगदी पहिल्या कॅमेऱ्यांपैकी एक होता.

आपल्या डी३५०० मध्ये मात्र काचेचा भरीव लोलक नाही. त्याऐवजी त्याच आकारात आरसे जोडून पोकळ रचना केलेली आहे. ती हलकी आणि स्वस्त पडते. पण प्रतिमा थोडी अंधूक आणि लहान दिसते. डी३५०० चे वजन बॅटरीशिवाय अवघे ३६५ ग्रॅम ठेवण्यात या पोकळ लोलकाचा वाटा आहे. आणखी एक काटकसर पाहा. व्ह्यूफाइंडरमध्ये चित्राचा ९५ टक्के भाग दिसतो असे माहितीपत्रक सांगते. पण ते लांबीत ९५ आणि उंचीत ९५ टक्के असे असते. क्षेत्रफळ काढा : ०.९५ × ०.९५ = ०.९०. म्हणजे चित्राचा सुमारे दहावा हिस्सा घेणाऱ्याला आधी दिसतच नाही! कडेला नको असलेली विजेची तार किंवा कोणाचा तरी कोपर चित्रात शिरतो, तो या न दिसणाऱ्या पट्टीतून.

बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, प्रकाश सरळ मागे जातो, झडप म्हणजे शटर उघडून मिटते आणि आरसा परत खाली येतो. यातली गंमत तुमच्या लक्षात आली का? ज्या क्षणाचे चित्र निघते, नेमका तो क्षण व्ह्यूफाइंडरमधून पाहणाऱ्याला कधीच दिसत नाही; त्या वेळी तिथे अंधार असतो.

आरशाचा मधला भाग थोडा पारदर्शक असतो. तिथून निसटणारा प्रकाश मागचा दुसरा छोटा आरसा तळाशी असलेल्या फोकस-संवेदकाकडे पाठवतो. भिंगाच्या दोन विरुद्ध कडांतून आलेल्या किरणांच्या दोन प्रतिमा तिथे पडतात. त्या ठरावीक अंतरावर असतील तर फोकस बरोबर. जवळ किंवा दूर असतील तर भिंग कोणत्या दिशेला आणि किती सरकवायचे, हे एकाच मोजणीत कळते. अशी मोजणी करणाऱ्या ११ जागा म्हणजेच ते '११ फोकस बिंदू'. आणि या साऱ्या पाहण्याला पडद्याची वीज लागत नसल्यामुळे, प्रमाणित चाचणीनुसार एका बॅटरीवर सुमारे १५५० चित्रे निघतात.

प्रकाश वेचणारे सिलिकॉन

फिल्मच्या जागी आता संवेदक आला. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या अर्धसंवाहक उपकरणाची कल्पना मांडली. त्यासाठी त्यांना २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याच्या चित्रात १०० × १००, म्हणजे फक्त दहा हजार बिंदू होते, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला २३ सेकंद लागत. आपल्या कॅमेऱ्यात सीमॉस जातीचा संवेदक आहे आणि तो सेकंदाला ५ चित्रे घेतो. चित्रात ६००० × ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख बिंदू असतात.

प्रत्येक बिंदू म्हणजे सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म खळगा. प्रकाशकण म्हणजे फोटॉन सिलिकॉनमध्ये शोषला गेला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. त्यासाठी सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनजवळ अंदाजे १.७ ते ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात, त्यामुळे काम भागते. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या जवळच्या पट्ट्यालाही हे जमते! तो चित्रात घुसू नये म्हणून संवेदकापुढे एक गाळणी बसवलेली असते. घरी एक प्रयोग करा. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण अनेक मोबाइलच्या पडद्यावर, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यात, रिमोटचा दिवा लुकलुकताना दिसतो. त्या कॅमेऱ्याची गाळणी किती घट्ट आहे, हेही त्यावरून कळते.

आता एक अडचण. खळगा फक्त इलेक्ट्रॉन मोजतो. रंग त्याला कळत नाही. ही अडचण कोडॅकच्याच ब्राइस बायर यांनी सोडवली. त्यांना १९७६ साली त्याचे पेटंट मिळाले. खळग्यांवर बुद्धिबळाच्या पटासारख्या रंगीत काचा बसवायच्या : निम्म्या हिरव्या, पाव तांबड्या, पाव निळ्या. हिरव्या जास्त, कारण आपला डोळा हिरव्याला सर्वांत संवेदनशील. म्हणजे आपल्या २ कोटी ४० लाख बिंदूंपैकी १ कोटी २० लाख हिरवे मोजतात आणि ६०-६० लाख तांबडे आणि निळे. प्रत्येक बिंदूला तिन्ही रंगांची किंमत हवी. पण मोजलेली असते एकच. उरलेल्या दोन शेजाऱ्यांकडे पाहून गणिताने भरल्या जातात. थोडक्यात, रंगीत छायाचित्रातील दोन-तृतीयांश माहिती हा हुशारीने केलेला अंदाज असतो.

मेगापिक्सेलची भूल

मेगापिक्सेल दुप्पट म्हणजे चित्र दुप्पट स्पष्ट, असे पुष्कळांना वाटते. पण बिंदू पसरतात ते क्षेत्रफळावर. बारकावा दुप्पट करायचा तर लांबीत दुप्पट आणि उंचीतही दुप्पट, म्हणजे एकूण चौपट बिंदू लागतील. २४ चे ४८ मेगापिक्सेल केले, तरी बारकावा फक्त दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ पटच वाढतो. शिवाय १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर चित्र पाहताना तुम्ही पाहता ते जेमतेम २१ लाख बिंदू. मासिकाच्या दर्जाची छपाई, इंचाला ३०० बिंदूंनी केली, तरी २४ मेगापिक्सेलमधून २० इंच रुंद चित्र निघते. एवढे मोठे चित्र आपण वर्षातून किती वेळा छापतो?

मग महत्त्वाचे काय? संवेदकाचा आकार. डी३५०० चा संवेदक २३.५ × १५.६ मिलिमीटर आहे. क्षेत्रफळ सुमारे ३६७ चौरस मिलिमीटर. मोबाइलमध्ये वापरला जाणारा एक नेहमीचा संवेदक ५.६ × ४.२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २३.५ चौरस मिलिमीटरचा असतो. फरक पंधरा पटींहून अधिक! पाऊस तोच असला, तरी ताटात जमणारे पाणी आणि वाटीत जमणारे पाणी सारखे नसते. मोबाइल एकामागून एक अनेक चित्रे घेऊन ती बेरजेने जोडतो आणि ही उणीव बरीचशी भरून काढतो. पण चित्रातली वस्तू धावत असेल, तर बेरीज चुकू लागते.

तीन किल्ल्या

चित्र उजळ येणार की काळोखे, हे तीन गोष्टींवर ठरते : भिंगाचे छिद्र, झडपेचा वेळ आणि आयएसओ.

छिद्राचा 'एफ-अंक' म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. डी३५०० बरोबर बहुधा १८–५५ मिलिमीटरचे भिंग मिळते. ५५ मिलिमीटरवर एफ/५.६ असेल, तर व्यास ५५ ÷ ५.६ = ९.८ मिलिमीटर. हा अंक भागाकारात तळाला असल्यामुळे अंक मोठा तर छिद्र लहान. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही माळ विचित्र दिसते. पण प्रत्येक अंकाला दोनच्या वर्गमुळाने गुणत जा, म्हणजे ती आपोआप तयार होते. व्यास १.४ पटीने घटला की क्षेत्रफळ निम्मे होते. म्हणून माळेतली प्रत्येक पायरी म्हणजे प्रकाश निम्मा.

झडपेचे दोन पडदे असतात. पहिला संवेदक उघडा करतो आणि दुसरा त्यामागून येऊन झाकतो. हा वेळ ३० सेकंदांपासून १/४००० सेकंदापर्यंत ठेवता येतो. १/४००० सेकंदात पडदा पूर्ण प्रवास करूच शकत नाही. मग काय होते? पहिला पडदा थोडा पुढे जाताच दुसरा निघतो आणि दोघांमधली सुमारे एक मिलिमीटरची फट संवेदकावरून सरकत जाते. माहितीपत्रकात फ्लॅशसाठी '१/२०० सेकंद' ही मर्यादा दिलेली असते ती याचमुळे. त्याहून कमी वेळ ठेवला, तर संवेदक एकाच वेळी संपूर्ण उघडा नसतो आणि फ्लॅशचा क्षणिक लखलखाट फक्त फटीपुरताच पडेल.

आता एक खरी अडचण सोडवू. शाळेचे स्नेहसंमेलन आहे. रंगमंचावर नाच चालू आहे, प्रकाश बेताचा आहे. तुम्ही मागे उभे राहून ५५ मिलिमीटरवर चित्र घेता. समजा, कॅमेऱ्याने स्वतः निवडले : एफ/५.६, १/६० सेकंद, आयएसओ १६००. चित्र उजळ येते. पण नाचणाऱ्या मुलींचे हात धुरकट होतात. हालचाल गोठवायला निदान १/२५० सेकंद हवा. म्हणजे प्रकाश चौपट कमी झाला. तो कुठून भरून काढणार?

फ्लॅश? या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा मार्गदर्शक अंक आयएसओ १०० ला सुमारे ७ मीटर आहे. त्याला एफ-अंकाने भागले की पल्ला मिळतो : ७ ÷ ५.६ = १.२५ मीटर. आयएसओ १६०० वर संवेदनक्षमता सोळापट होते. पण व्यस्त वर्गाच्या नियमाने पल्ला फक्त चौपट, म्हणजे ५ मीटर. विसाव्या रांगेतून फ्लॅश उडवल्याने पुढच्या पाहुण्यांच्या डोक्यांची मात्र चित्रे छान येतील!

छिद्र मोठे करावे, तर ५५ मिलिमीटरवर हे भिंग एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. पण १८ मिलिमीटरवर ते एफ/३.५ पर्यंत उघडते. ५.६ ÷ ३.५ = १.६ आणि १.६ चा वर्ग २.५६. म्हणजे शिक्षकांची परवानगी घेऊन तुम्ही रंगमंचाच्या जवळ गेलात आणि १८ मिलिमीटरवर चित्र घेतलेत, तर अडीचपट प्रकाश फुकट मिळाला. चौपटीपैकी उरलेले १.६ पट आयएसओ २५०० करून भरून काढा. हिशेब जुळला. या ठिकाणी महागड्या भिंगाचे काम तुमच्या पायांनी केले.

भिंगावर 'व्हीआर' अशी अक्षरे दिसतील. हाताचा कंप ओळखून भिंगातला एक भाग उलट दिशेने सरकवणारी ही युक्ती आहे. तिने तुमचा हात सावरतो. नाचणारीचा हात नव्हे. दोन्ही प्रकारचा धुरकटपणा वेगळा ओळखायला शिका. सारे चित्र एकाच दिशेने फाकले असेल तर कॅमेरा हलला. मागचा पडदा स्पष्ट आणि माणूस अस्पष्ट असेल तर माणूस हलला.

आयएसओची किंमत

मग आयएसओ थेट २५६०० का करू नये? कारण आयएसओ वाढवल्याने संवेदकात एकही जास्त फोटॉन येत नाही. आलेल्या संकेताचे फक्त वर्धन होते. लाउडस्पीकरचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसेच हे.

ही खरखर येते कुठून? पावसाची सुरुवातीची टपटप आठवा. अंगणात शेजारी-शेजारी ठेवलेल्या सारख्या वाट्यांत अगदी सारखे थेंब पडत नाहीत. फोटॉनही असेच स्वैरपणे पडतात. सरासरी १०,००० फोटॉन अपेक्षित असतील, तर प्रत्यक्षातला फरक साधारण वर्गमुळाएवढा, म्हणजे १०० असतो; हा झाला एक टक्का. पण सरासरी १०० च फोटॉन असतील, तर फरक १० चा, म्हणजे दहा टक्के! एकाच रंगाच्या भिंतीवर शेजारचे बिंदू कमीजास्त उजळ येतात आणि चित्र रवाळ दिसते. हा कारखान्यातला दोष नव्हे, हा प्रकाशाचाच स्वभाव आहे. कितीही किमतीचा कॅमेरा घेतला तरी हे वर्गमूळ सुटत नाही. त्यावर उपाय एकच : जास्त प्रकाश गोळा करणे.

छिद्र अति लहान करणेही महाग पडते. प्रकाश तरंगरूप असल्याने अरुंद छिद्रातून जाताना पसरतो. याला विवर्तन म्हणतात. त्यामुळे ताऱ्यासारख्या बिंदूचीही प्रतिमा छोटी चकती होते. तिचा व्यास अंदाजे २.४४ × तरंगलांबी × एफ-अंक इतका असतो. हिरव्या प्रकाशासाठी तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरा. एफ/८ वर चकती सुमारे ११ मायक्रॉनची, पण एफ/२२ वर जवळजवळ ३० मायक्रॉनची होते. आपल्या संवेदकाचा एक बिंदू फक्त ३.९ मायक्रॉनचा आहे! म्हणजे एफ/२२ वर तुमचे २४ मेगापिक्सेल व्यर्थच.

यंत्राला म्हैस ठाऊक नाही

'ऑटो'वर कॅमेरा प्रकाश कसा ठरवतो? चित्राचा सरासरी उजळपणा मध्यम करड्या रंगाइतका असावा, असे ढोबळमानाने तो धरून चालतो. बहुतेक दृश्यांत हे जमते. पण चौकटभर काळीभोर म्हैस घ्या. यंत्राला वाटते अंधार आहे, ते प्रकाश वाढवते आणि म्हैस राखाडी होते. उलट, मिठागरातली पांढरीशुभ्र मिठाची रास घ्या. यंत्र प्रकाश घटवते आणि मीठही राखाडीच होते! उजेडाच्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या आजीचा चेहरा काळा येतो तोही यामुळेच.

यासाठी कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचे बटण असते. म्हशीला −१, म्हणजे प्रकाश निम्मा. मिठाला किंवा आजीच्या चेहऱ्याला +१, म्हणजे दुप्पट. पांढऱ्याला प्रकाश वाढवायचा आणि काळ्याला कमी करायचा, हे प्रथम उलटे वाटते. कारण समजले की विसरत नाही.

तरीही चूक झालीच, तर 'रॉ' पद्धतीने साठवलेले चित्र उपयोगी पडते. यात डी३५०० प्रत्येक बिंदूचा उजळपणा १२ बिटांत, म्हणजे ४०९६ पायऱ्यांत नोंदतो. नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या असतात. सावलीतला चेहरा नंतर उजळायचा असेल, तर जास्त पायऱ्या कामी येतात.

आकाशाकडे, पण जपून

चंद्राचे चित्र काढले की तो टिकलीएवढा का येतो? चंद्र सुमारे अर्ध्या अंशाचा, म्हणजे ०.००९ रेडियन. त्याला ५५ मिलिमीटरने गुणा : प्रतिमा फक्त अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे सुमारे १२५ बिंदू रुंद. ३०० मिलिमीटरच्या भिंगाने ती २.७ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ७०० बिंदूंची होते. पौर्णिमेचा चंद्र उन्हात न्हालेला खडक आहे हे ध्यानात ठेवा. त्याला रात्रीचे नव्हे, दिवसासारखे आकडे लागतात : आयएसओ १००, एफ/११, १/१२५ सेकंदाच्या आसपास.

तारे टिपायला कॅमेरा तिपाईवर ठेवा, भिंग १८ मिलिमीटरवर घ्या आणि सेल्फ-टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का बसणार नाही. पृथ्वी फिरत असल्यामुळे मृग नक्षत्रासारख्या विषुववृत्ताजवळच्या ताऱ्यांची प्रतिमा संवेदकावर सेकंदाला सुमारे १.३ मायक्रॉन सरकते. तीन सेकंदांत एक बिंदू, वीस सेकंदांत सहा-सात बिंदू. तेवढी लांबट रेषा चालवून घेता येते. मिनिटभर उघडे ठेवले, तर तारे रेघोट्या होतील. आणि पृथ्वीच्या फिरण्याचा पुरावा तुम्ही स्वतः टिपलेला असेल.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. २ ऑगस्ट २०२७ रोजी खग्रास सूर्यग्रहण आहे. महाराष्ट्रातून ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल आणि अनेक हात कॅमेऱ्याकडे जातील. एसएलआरचा व्ह्यूफाइंडर म्हणजे दृश्याचे विजेवर चालणारे चित्र नव्हे. भिंगाने गोळा केलेला प्रकाश खरोखर तुमच्या डोळ्यात शिरतो. हिशेब करा. ३०० मिलिमीटरचे एफ/५.६ भिंग ५४ मिलिमीटर व्यासात पडलेले ऊन २.८ मिलिमीटरच्या प्रतिमेत कोंबते. व्यासांचे गुणोत्तर सुमारे १९ आणि क्षेत्रफळांचे सुमारे ३७०! आणि ५५ मिलिमीटरच्या छोट्या भिंगाचे काय? एफ-अंक तोच, म्हणून गुणोत्तरही तेच येते. म्हणजे प्रतिमा लहान असली, तरी तिची प्रखरता कमी होत नाही.

दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. ते भाजते तेव्हा 'आई गं' म्हणायलाही सूचना मिळत नाही, आणि गेलेली दृष्टी परत येईलच असे नाही. म्हणून सूर्याकडे रोखलेल्या एसएलआरमध्ये डोळा घालू नका. सौर गाळणी लावायची ती भिंगाच्या पुढे, घट्ट. डोळ्याच्या बाजूला नव्हे. ग्रहणाचा चष्मा घालून व्ह्यूफाइंडरमधून पाहणे हेही धोक्याचेच, कारण तो चष्मा साध्या उन्हासाठी असतो, एकवटलेल्या उन्हासाठी नाही. योग्य गाळणी नसेल, तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा आणि पांढऱ्या कागदावर पडलेल्या सूर्यबिंबाचे चित्र घ्या. त्यात डोळा आणि कॅमेरा दोन्ही सुरक्षित राहतात.

विकत घेण्यापूर्वी

शिक्षकांना एक विनंती. शाळेसाठी कॅमेरा घ्यायचा असेल, तर नव्या मॉडेलच्या मेगापिक्सेलमागे धावू नका. चांगल्या स्थितीतला, तपासून घेतलेला जुना एसएलआर आणि एक भक्कम तिपाई यांतून प्रकाशाचे अर्धे प्रकरण शिकवून होते. जुनी भिंगे त्याला लावताना एक पाहा : डी३५०० च्या अंगात फोकसची मोटर नाही. ज्या जुन्या भिंगांत स्वतःची मोटर नसते, त्यांचा फोकस हातानेच करावा लागतो. विद्यार्थ्यांना तो हाताने करायला लावणे हे नुकसान मुळीच नाही.

आणि कॅमेरा जवळ नसेल तरी हे तीन हिशेब वहीत करून पाहा. एक : आयएसओ १०० चे २५६०० होईपर्यंत किती वेळा दुप्पट करावे लागते? दोन : एफ/४ वरून एफ/११ वर गेल्यास १/१००० सेकंदाच्या जागी कोणता वेळ ठेवावा? तीन : २०० मिलिमीटरच्या भिंगाने चंद्राची प्रतिमा किती बिंदू रुंद येईल? उत्तरे अनुक्रमे आठ वेळा, सुमारे १/१२५ सेकंद आणि सुमारे ४६० बिंदू अशी यायला हवीत. ती आली, तर पुढच्या वेळी दुकानदाराने आकडे म्हणून दाखवले की मान डोलावण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारा.